बलुत्याची नवी पावती

आमची समीक्षा कविता वाचते, कथा वाचते, आत्मकथन वाचते. शासनाचा निर्णय मात्र ती वाचत नाही. तो कारकुनाने वाचावा, तलाठ्याने वाचावा आणि गरजूने फक्त ऐकावा, अशी एक अलिखित वाटणी झालेली आहे. ही वाटणी आम्हाला मान्य नाही. ज्या लिखाणाने लाखो बायामाणसांची ओळख ठरते, त्यांना कोणत्या दारात कसे उभे राहावे लागेल हे ठरते, ते लिखाण साहित्यचिकित्सेच्या बाहेर राहू शकत नाही. मनुस्मृतीही एका अर्थाने शासननिर्णयच होती. बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला ती जाळली, ती त्या पोथीतल्या शब्दांनी माणसांची प्रतवारी केली होती म्हणून. शब्दांत केवढी सत्ता असते हे ज्या चळवळीला जन्मापासून कळलेले आहे, तिने आजच्या सत्तेचे शब्द तपासू नयेत हे विपरीत आहे.

म्हणून या लेखात मी मजूर, माता, पोषण आणि शिक्षण यांविषयीच्या सरकारी योजनांकडे एक संहिता म्हणून पाहणार आहे. या योजना वाईट आहेत असे मला म्हणायचे नाही. ज्या घरात संध्याकाळची चूल पेटेल की नाही याची खात्री नसते, त्या घरात आलेला एक किलो तांदूळसुद्धा खराच असतो. माझा प्रश्न निराळा आहे. हा तांदूळ कोण कोणाला देतो, काय म्हणून देतो, आणि घेणाऱ्याला त्याने काय म्हणून हाक मारलेली असते? देण्याच्या भाषेत मालक आणि गडी हे नाते शिल्लक आहे की नागरिक आणि राज्य हे नवे नाते तयार झाले आहे? हा प्रश्न रायगडच्या किनाऱ्यावर विचारायचा, याला कारण आहे. हा प्रश्न पहिल्यांदा याच जिल्ह्यात, पाण्याच्या रूपाने, विचारला गेला.

एक

चवदार तळ्याची हकिकत आपण दरवर्षी सांगतो. पण तिच्यातला प्रशासनाचा भाग सांगत नाही. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलात मंजूर झाला. सार्वजनिक पैशाने बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच शाळा, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत असा तो ठराव होता. पुढे ज्याचे अध्यक्षपद सुरेंद्रनाथ टिपणीस यांच्यासारख्या सुधारकाकडे होते त्या महाड नगरपालिकेने आपल्या हद्दीतले तळे खुले केल्याचा ठरावही केला. म्हणजे कागदावर सगळे झाले होते. आजच्या भाषेत बोलायचे तर योजना मंजूर होती, आदेश निघाला होता, लाभार्थी निश्चित होते.

तळ्यावर मात्र कोणी गेले नव्हते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो माणसांसह चालत गेले आणि ओंजळभर पाणी प्याले, तेव्हा त्या कागदाचा हक्क झाला. आणि तो हक्क झाला हे सवर्णांना लगेच कळले. कागद होता तोवर कोणी दगड उचलला नव्हता. ओंजळ भरताच लाठ्या निघाल्या. त्याच वर्षीच्या ऑगस्टात नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. प्रकरण दिवाणी न्यायालयात गेले आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागायला १७ मार्च १९३७ हा दिवस उजाडावा लागला. ठरावापासून निकालापर्यंत चौदा वर्षे.

यातून दोन गोष्टी ध्यानात घेतल्या पाहिजेत. पहिली ही की, वरून आलेली सवलत आणि खालून बजावलेला हक्क यांत पाणी तेच असले तरी माणूस तोच राहत नाही. दुसरी गोष्ट आपण सहसा विसरतो: बोल्यांच्या ठरावात पाणवठ्याच्या शेजारी शाळा आणि दवाखानाही लिहिलेला होता. तळ्यासाठी सत्याग्रह झाला. शाळेतल्या पंगतीसाठी आणि बाळंतिणीच्या खाटेसाठी तो अजून पूर्ण व्हायचा आहे.

महाड-दापोलीच्या टापूत लष्करातून निवृत्त झालेली महार मंडळी मोठ्या संख्येने होती. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर हे त्यांपैकीच. १८८८ च्या सुमारास त्यांनी ‘विटाळ विध्वंसन’ लिहिले. या माणसांच्या हातात महिन्याला सरकारी पैसा येत होता. पण त्याचे नाव पेन्शन होते. केलेल्या नोकरीचा तो मोबदला होता. तो घेताना मान खाली घालावी लागत नव्हती आणि घेतल्यावर कोणाचे आभार मानावे लागत नव्हते. सरकारचा पैसा माणसाला लाचारच करतो असे जे म्हणतात, त्यांनी हे पेन्शनर आठवावेत. पैशाने लाचारी येत नाही. पैसा ज्या नावाने येतो त्या नावाने ती येते.

दोन

आता मातेकडे येऊ. ज्यांना कामगार चळवळीचे आद्य पुढारी म्हणतात ते नारायण मल्हार जोशी याच जिल्ह्यातल्या गोरेगावचे. १९२४ साली त्यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात कामकरी स्त्रियांना प्रसूतीच्या काळात भत्ता मिळावा असे विधेयक आणले. ते नामंजूर झाले. चार वर्षांनी मुंबई कौन्सिलात तसेच विधेयक आले, तेव्हा २८ जुलै १९२८ रोजी बाबासाहेब त्याच्या बाजूने बोलले. आईला बाळंतपणाच्या आधी आणि नंतर विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, तेव्हा त्याचा भार सरकारने उचलला पाहिजे हे त्यांनी मान्य केले. पण त्याचबरोबर ते म्हणाले की, जो मालक बाईला कामावर ठेवतो तो तिच्यापासून नफा मिळतो म्हणूनच ठेवतो. मग या खर्चाचा वाटा त्याच्यावरही पडला पाहिजे. १९२९ साली मुंबईचा कायदा झाला.

या युक्तिवादाची बांधणी पाहण्यासारखी आहे. बाबासाहेबांनी आईच्या त्यागाचे वर्णन केले नाही. मातृत्वाची महती गायिली नाही. बाई काम करते, त्या कामातून कोणाचा तरी फायदा होतो, बाळंतपण हा त्या कामाच्या हिशोबातलाच एक भाग आहे, असा सरळ जमाखर्च त्यांनी मांडला. पुढे संविधानाच्या बेचाळिसाव्या कलमात कामाची न्याय्य व माणुसकीची परिस्थिती आणि प्रसूतीसाहाय्य या दोन गोष्टी एकाच वाक्यात आल्या. कामावाचून माता नाही आणि मातेवाचून काम नाही, असाच त्याचा अर्थ आहे.

पण नंतरच्या कायद्यांनी हे वाक्य मधोमध चिरले. १९६१ चा प्रसूती लाभ कायदा कारखान्यातल्या, खाणीतल्या, मळ्यातल्या आणि दहा किंवा अधिक माणसे असलेल्या दुकाना-आस्थापनांतल्या बाईसाठी झाला. प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या बारा महिन्यांत तिने त्या मालकाकडे किमान ८० दिवस काम केलेले असावे लागते. २०१७ साली तिची पगारी रजा पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची झाली. हे चांगलेच झाले. परंतु रायगडच्या किनाऱ्यावर ही बाई किती घरांत सापडेल? उरण-पेणच्या मिठागरात टोपलीने मीठ वाहणारी, अलिबाग-मुरूडच्या कोळीवाड्यात सुकट वाळत घालणारी, मासळीची पाटी डोक्यावर घेऊन बाजार गाठणारी, भाताच्या लावणीला चिखलात वाकणारी, वीटभट्टीवर गारा मळणारी, या बाया ८० दिवसच काय, जन्मभर काम करतात. पण त्यांच्या मालकाचे नाव कोणत्याही हजेरीपटावर नाही. नाव नाही म्हणून काम नाही. काम नाही म्हणून रजा नाही.

या उरलेल्या बायांसाठी २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने चौथ्या कलमात किमान सहा हजार रुपयांचा प्रसूती लाभ सांगितला. तो योजना होऊन खाली उतरला २०१७ साली, प्रधानमंत्री मातृवंदना योजना या नावाने. तेव्हा पहिल्या जिवंत अपत्यापुरते पाच हजार रुपये, तेही तीन हप्त्यांत. उरलेली रक्कम दवाखान्यातल्या बाळंतपणाच्या अनुदानातून धरायची. २०२२ पासून दुसरे अपत्य मुलगी असेल तर सहा हजार मिळण्याची तरतूद झाली. आता साधा हिशोब करू. कचेरीतल्या बाईला २६ आठवडे म्हणजे १८२ दिवस पूर्ण पगार. भट्टीवरच्या बाईला पाच हजार. तेवढ्याच १८२ दिवसांवर ते पाच हजार पसरले तर दिवसाला साडेसत्तावीस रुपयेही होत नाहीत. पहिलीच्या बाबतीत कायदा म्हणतो की तुझी मजुरी बुडता कामा नये. दुसरीच्या बाबतीत योजना म्हणते की आम्ही तुला वंदन करतो.

वंदन! हा शब्द किती सफाईने आलेला आहे. या देशाने आईला वंदन करायला कधी कमी केले नाही. गाय माता, नदी माता, भूमी माता. वंदन केले की मजुरी द्यावी लागत नाही, हा आमच्या संस्कृतीचा जुना शोध आहे. म्हणूनच बाबासाहेबांच्या त्या भाषणात वंदनेला जागा नाही, जमाखर्चाला आहे.

तीन

योजनांची नावे एकापुढे एक मांडली तर एक चरित्र तयार होते. १९८० साली, बॅ. अ. र. अंतुले मुख्यमंत्री असताना, संजय गांधी निराधार अनुदान योजना सुरू झाली. अंतुले म्हसळा तालुक्यातल्या आंबेतचे. तेव्हा हा जिल्हा कुलाबा होता. १ जानेवारी १९८१ पासून तो रायगड झाला. विधवा, अपंग, परित्यक्ता, वृद्ध यांच्या हाती दरमहा रोख रक्कम देण्याची जबाबदारी राज्याने घ्यावी ही कल्पना त्या काळी मोठीच होती आणि तिचे श्रेय दिले पाहिजे. पण नाव पाहा: निराधार. ज्या बाईने नवरा गेल्यावर चार पोरे मोलमजुरीवर वाढवली ती निराधार कशी? आधार तर तीच आहे. निराधार म्हणजे जिला पुरुषाचा आधार नाही ती. योजनेने पैसा दिला आणि पैशाबरोबर मनूची व्याख्याही दिली.

पुढची गोष्ट अधिक गंभीर आहे. या योजनेसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा दीर्घकाळ २१,००० रुपये राहिली. म्हणजे दिवसाला अठ्ठावन्न रुपयांच्या आत. याच राज्यात शेतमजुराला किमान वेतन ठरवून दिलेले आहे. एखाद्या विधवेला ते किमान वेतन वर्षभर मिळाले तर ती या योजनेला अपात्र ठरते. तेव्हा तिने काय करायचे? तलाठ्याच्या दाखल्यावर आपले उत्पन्न अठ्ठावन्नच्या आत आहे असे सांगायचे. हे खोटे आहे हे तिला ठाऊक, तलाठ्याला ठाऊक, वर सही करणाऱ्यालाही ठाऊक. राज्याने आपल्याच एका कायद्याचे उल्लंघन गृहीत धरून दुसरी योजना आखली आणि त्या खोट्याचा अंगठा मात्र बाईकडून घेतला. उद्या कोणी तपासणीला आला तर गुन्हेगार ती. दाता उदार आणि घेणारी लबाड, हे नाते अशा रीतीने कागदावर तयार होते.

आता दुसरा शब्द: मानधन. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी आली. गरोदर बाईची नोंद, बालकाचे वजन, पूरक आहार, लसीकरणाची हाकाटी, शाळापूर्व शिक्षण, हे सगळे अंगणवाडी सेविका आणि मदतनीस करतात. त्यांना मिळते त्याला वेतन म्हणत नाहीत, मानधन म्हणतात. मान असलेले धन! ज्याला मान आहे त्याला वेतनाची गरज काय, असा हा कोटिक्रम. महाराष्ट्रातल्या सेविकांनी २०१७ साली आणि पुन्हा २०२३च्या डिसेंबरपासून दीर्घ संप केले. मानधन शब्दाची खरी समीक्षा त्यांनी केली आहे. आम्ही लेखकांनी नव्हे. २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका व मदतनीस यांना उपदान देय आहे असा निकाल दिला. उपदान नोकराला मिळते, सेवाभावी बाईला नाही. म्हणजे न्यायालयाने मानधन या शब्दाच्या आत दडलेला वेतन हा शब्द बाहेर काढला. आईच्या पोषणाची योजना दुसऱ्या बाईच्या अर्धपोटी श्रमावर उभी आहे, हे आता नाकारता येणार नाही.

आणि २०२४ साली तिसरा शब्द आला: लाडकी. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना. ती आली तेव्हा महिला व बालविकास खाते श्रीवर्धनच्या आमदार अदिती तटकरे यांच्याकडे होते, म्हणजे याच किनाऱ्याकडे. २१ ते ६५ वर्षांच्या, अडीच लाखांच्या आत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या बाईला दरमहा १५०० रुपये. बाईच्या स्वतःच्या खात्यात, नवऱ्याला न विचारता येणारे पैसे. ही गोष्ट लहान नाही, आणि तिला नाक मुरडणारी शहरी टीका मला पटत नाही. पेट्रोलवर, करसवलतींवर, बुडित कर्जांवर जे सरकारी पैसे जातात त्यांना कोणी खिरापत म्हणत नाही. बाईच्या हाती दीड हजार पडले की अर्थशास्त्र आठवते. ही टीका मला करायची नाही.

माझा आक्षेप बहिणीला नाही, लाडकीला आहे. राज्य हे भाऊ नाही. भाऊ ओवाळणी घालतो ती त्याच्या खुशीची असते. किती घालायची हे बहिणीने विचारायचे नसते, आणि एखाद्या वर्षी घातली नाही तर कोर्टात जायचे नसते. लाडकी असणे हे ज्याचे लाड करायचे मन आहे त्याच्यावर अवलंबून. २०२५ साली पडताळणी सुरू झाली, तेव्हा कालची लाडकी आज अपात्र कशी, हा प्रश्न गावोगाव विचारला गेला. नियम तेच असतील. पण नाते भावाबहिणीचे लावल्यावर नियम दाखवणे हे रुसव्यासारखे दिसू लागते. नागरिक या शब्दात लाड नाहीत आणि रुसवाही नाही. म्हणूनच तो शब्द आम्हाला हवा आहे.

या साऱ्यांवरचा सामान्य शब्द म्हणजे लाभार्थी. अर्थी म्हणजे इच्छिणारा, मागणारा. विद्यार्थी हाही अर्थीच. पण विद्या मागण्यात कमीपणा नाही, कारण दिल्याने देणाऱ्याचीही विद्या वाढते आणि घेणारा उद्या त्याच्या बरोबरीला येतो. लाभार्थी कधी बरोबरीला येत नाही. त्याची यादी असते, फोटो असतो, मेळावा असतो. त्याने टाळ्या वाजवायच्या असतात.

चार

शाळेतली खिचडी ही या सर्व योजनांत मला सर्वांत क्रांतिकारक वाटते, आणि तिच्याविषयी आमच्या नियतकालिकांतून सर्वांत कमी लिहिले गेले आहे. २८ नोव्हेंबर २००१ रोजी अन्नाच्या हक्काच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्राथमिक शाळांत शिजवलेले जेवण द्यावे असा आदेश दिला. तोवर महाराष्ट्रात मुलांच्या घरी कोरडा तांदूळ जात असे. कोरडा तांदूळ आणि शिजवलेली खिचडी यांत वैद्यकाच्या दृष्टीने फरक कमी असेल. जातीच्या दृष्टीने तो आभाळाएवढा आहे. कोरडा तांदूळ जातीचा प्रश्न विचारत नाही. शिजवले की विचारतो. कोणी शिजवले? कोण शेजारी बसले? म्हणूनच २० एप्रिल २००४ च्या आदेशात न्यायालयाला मुद्दाम लिहावे लागले की, स्वयंपाकी आणि मदतनीस नेमताना दलित, अनुसूचित जाती आणि जमातींना प्राधान्य द्यावे. देशाच्या निरनिराळ्या भागांत दलित बाईच्या हातचे मुलांनी खाऊ नये म्हणून पालकांनी शाळा बंद पाडल्याच्या बातम्या त्यानंतरही येत राहिल्या.

चवदार तळ्याच्या पाण्याचा प्रश्न होता तोच हा. फक्त आता ओंजळीच्या जागी ताटली आहे, आणि ती सहा वर्षांच्या पोराच्या हातात आहे. पण अहवालात या योजनेची मोजणी कशाने होते? उष्मांकांनी आणि प्रथिनांच्या ग्रॅमांनी. सहभोजनाचा रकाना त्यात नाही. ज्या योजनेत जात मोडण्याचे सामर्थ्य आहे तिला फक्त पोट भरण्याची योजना म्हणून चालवायचे, हे तिला अर्धे मारणेच आहे. तीच गोष्ट अंगणवाडीच्या घरपोच आहाराची. आहारपुरवठ्यात कंत्राटदार नकोत असे न्यायालयाने २००४ सालीच बजावले होते. तरी महाराष्ट्राच्या घरपोच आहाराच्या निविदा २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाला रद्द कराव्या लागल्या. महिला मंडळांच्या नावाआड कोण उभे राहते हे त्या प्रकरणात दिसले.

आणि ज्याच्यासाठी ही ताटली सर्वांत गरजेची आहे ते पोर शाळेत आहे तरी का? पेण, रोहा, सुधागड, कर्जत या भागांतल्या कातकरी वाड्यांकडे पाहा. महाराष्ट्रातल्या ज्या तीन जमातींना शासन विशेष दुर्बळ म्हणते, कोलाम, माडिया गोंड आणि कातकरी, त्यांतली ही एक. पावसाळ्यात घरात दाणा नसतो, तेव्हा भट्टीवाल्याकडून किंवा कोळशाच्या ठेकेदाराकडून उचल घेतली जाते. पाऊस सरला, दिवाळी झाली की कुटुंबच्या कुटुंब ती उचल फेडायला बाहेर पडते आणि पुढचा पाऊस तोंडावर आला की परतते. पोराचे नाव गावच्या शाळेत, पोर भट्टीवर. आईची नोंद वाडीच्या अंगणवाडीत, तिचे वाढते पोट तालुक्याबाहेर. हप्त्यासाठी तपासणी हवी, तपासणीसाठी नोंद हवी, नोंदीसाठी ती गावात हवी. आणि ती गावात असती तर तिला उचल घ्यावीच लागली नसती. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद झालेली आहे. उचल चालू आहे.

घरकुलाची गत तशीच. अनेक कातकरी वाड्या ज्या जमिनीवर उभ्या आहेत ती जमीन सातबारावर दुसऱ्याच्या नावाने असते. घर बांधायला पैसा मंजूर होतो आणि घराखालची जागा आपली नसते. येथे मूळ प्रश्न उघडा पडतो. कल्याण जमिनीच्या भोवती फिरते. जमिनीला हात लावत नाही. १९७२ च्या दुष्काळातून रोजगार हमी योजनेची मागणी वाढली. तिचा कायदा १९७७ साली झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. मागेल त्याला काम, हे त्याचे वाक्य मला शासकीय मराठीतले सर्वांत स्वाभिमानी वाक्य वाटते, कारण त्यात मागणारा याचक नाही, दावेदार आहे. पण १९९० नंतर त्याच योजनेतून कोकणात आंबा-काजूच्या बागा लागल्या तेव्हा काय झाले? खड्डे भूमिहीनाने खणले, मजुरी घेतली आणि घरी गेला. झाड ज्याची जमीन त्याचे झाले. मजुरी एका हंगामाची, झाड दोन पिढ्यांचे.

या जिल्ह्याने हे आधीच ओळखले होते. अलिबाग तालुक्यातल्या चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे खोतांची जमीन कसायला नकार दिला. उपासमार सोसली, पण खोताकडे धान्यवाटपाची मागणी केली नाही, खोतीच नको म्हटले. बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधानसभेत खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. खोताने गरिबांना सवलत द्यावी असे ते विधेयक नव्हते.

पाच

येथवर शासनाची चिकित्सा केली. आता आपली करू. ती टाळली तर हा लेख अर्धा राहील.

दलित साहित्याने भूक लिहिली. मराठी वाङ्मयाला भुकेचा अनुभव खऱ्या अर्थाने आम्ही दिला. दया पवारांनी आपल्या आत्मकथनाला ‘बलुतं’ हे नाव दिले तेव्हा त्या एका शब्दात सारा व्यवहार आला. बलुते ही मुळात भीक नव्हती. वर्षभर केलेल्या गावकीच्या कामाचा तो वाटा होता. पण तो खळ्यावर मागून घ्यावा लागे, झोळीत पडे, आणि देणारा दान केल्याच्या थाटात देई. श्रमाचा मोबदला दानाच्या वेषात देणे, हेच बलुत्याचे मर्म. बाबासाहेब १९२८ पासून महार वतनाविरुद्ध लढले ते याचसाठी. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने गेली. मग मला विचारावेसे वाटते: भट्टीवर किमान वेतनाखाली राबवायचे, प्रसूतीची रजा नाकारायची, जमीन द्यायची नाही, आणि या सगळ्या थकलेल्या देण्यांतला एक अंश योजनेच्या नावाने, फोटो काढून परत करायचा, याला काय म्हणायचे? ही बलुत्याची नवी पावती नव्हे काय?

हे आमच्या साहित्याने लिहायला हवे होते. आम्ही आई पुष्कळ लिहिली. पण बहुधा सोसणारी, झिजणारी, स्वतः उपाशी राहून आम्हाला शिकवणारी. म्हणजे आम्हीही तिला वंदनच केले. तिची मजुरी किती बुडाली हा हिशोब मुलांनी मांडला नाही. तो मांडला लेकींनी. बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’मधली बाळंतपणे वाचावीत, तेथे मातृत्वाचे गौरवगान नाही, उपाशी बाळंतिणीचे शरीर आहे. ऊर्मिला पवारांच्या ‘आयदान’मध्ये कोकणातली आई सूप-टोपल्या विणताना दिसते, आणि ते विणणे हे काम आहे हे वाचकाला विसरता येत नाही. आमच्या समीक्षेने या पुस्तकांचे कौतुक स्त्रीचा अनुभव म्हणून केले. ती श्रमाची कागदपत्रे आहेत, हे म्हणायचे राहिले.

दुसरी कबुली अधिक अवघड आहे. १९७३ साली दलित पँथरच्या जाहीरनाम्याने दलित या शब्दाची व्याख्या केली तीत अनुसूचित जातींबरोबर जमाती, नवबौद्ध, भूमिहीन, श्रमिक आणि स्त्रिया होत्या. व्याख्या विशाल होती. पण या किनाऱ्यावर आमच्या सभांना, आमच्या अंकांना, आमच्या यादीला कातकरी किती आले? शिष्यवृत्ती, वसतिगृह, राखीव जागा यांच्या बळावर आम्ही लिहिते झालो. या योजना आम्ही लाभार्थी म्हणून घेतल्या नाहीत. हक्क म्हणून घेतल्या, कारण त्यांच्यामागे चळवळ होती. चळवळीचे ते कवच आम्ही आमच्यापुरते ठेवले आणि वाडीवरच्या बाईला योजनेच्या दारात एकटी उभी केली. शासनाने तिला लाभार्थी म्हटले, आणि आम्ही तिला कोणत्याच नावाने हाक मारली नाही.

कोणी म्हणेल, आधी पोट, मग शब्द. उपाशी माणसाला व्याकरण कशाला? या युक्तिवादात भुकेविषयी कळवळा दिसतो. पण तो नेहमी भरल्या पोटाचा माणूस करतो. महाडला जमलेल्या माणसांना तहान नव्हती काय? दुसरीकडे कोठे पाणी नव्हते काय? तळ्याच्या पाण्याने ते अमर होणार नव्हते, हे बाबासाहेबांनीच तेव्हा सांगितले होते. ते गेले ते माणूस म्हणून आपली बरोबरी सिद्ध करायला. पोट आणि मान यांची फारकत हीच मुळी जातिव्यवस्थेची शिकवण आहे.

तेव्हा मागणी काय? मागणी लहान आणि स्वच्छ आहे. भट्टीवरच्या, मिठागरातल्या, शेतावरच्या बाईचे बाळंतपण मजुरीच्या हिशोबात धरावे. पहिलेच नव्हे, पुढचेही. आणि त्याचा वाटा तिच्या श्रमावर नफा कमावणाऱ्याकडून वसूल व्हावा. १९२८ साली हेच मागितले होते. सेविकेला वेतन द्यावे आणि त्याला वेतनच म्हणावे. शाळेच्या अहवालात पंगत एक बसते की नाही याचा रकाना असावा. वाडीखालची जमीन वाडीच्या नावाने व्हावी. आणि या सगळ्यासाठी जी बाई तहसील कचेरीत जाईल तिच्याबरोबर आपल्यापैकी कोणीतरी चालत जावे. तळ्यापर्यंतही माणसे एकटी गेली नव्हती.